मोटारसायकल वगळून

साहित्याच्या शिक्षकावर कायद्याचे पुस्तक उघडण्याची वेळ सहसा येत नाही. आमच्यावर ती आली ती एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे. कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना दर जूनमध्ये 'बोनाफाइड'च्या अर्जांचा ढीग आमच्या टेबलावर येतो. बहुतेक अर्ज एसटीच्या पासासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी असतात. काही मात्र 'लायसनसाठी'. असाच एक अर्ज घेऊन आलेल्या मुलाने आमची सही होईपर्यंत सहज विचारले, "सर, लर्निंग लायसन म्हणजे शिकायचं लायसन. मग शिकवणार कोण?" प्रश्नात खोच नव्हती. शब्दाचा अर्थ विचारावा तसा त्याने तो विचारला होता. आम्ही हसलो, सही केली, शिक्का मारला आणि उत्तर न देताच त्याला वाटेला लावले.

पुढल्या सुट्टीत आम्ही १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम वाचून काढले. संहिता वाचताना कोणता शब्द कोठे आला, कोठे गाळला गेला, अपवाद कोणाचा केला, हे पाहण्याची जी सवय आम्हां वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना असते, ती येथे उपयोगी पडली. त्या वाचनातून जे हाती आले ते थोडक्यात असे : दुचाकी शिकवणाऱ्यासाठी कायद्याने एक जागा सांगितली आहे, पण ती जागा दुचाकीवर नाही. ही रिकामी जागा आपल्याकडे घराने भरून काढली. घराने जे शिकवले त्यात काही फार मोलाचे होते, आणि काही जीवघेणे.

आधी शब्दांविषयी थोडेसे. 'परवाना' हा फारसीतून आलेला आणि मराठी कागदपत्रांत जुना झालेला शब्द. शिवकाळात रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी राज्यशब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा जो उद्योग केला, त्याचीच एक दूरची शाखा स्वतंत्र भारतात पुन्हा फुटली. ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि मराठी राज्यकारभाराची परिभाषा घडू लागली. आज परिवहन खात्याच्या कागदावर 'शिकाऊ अनुज्ञप्ती' आणि 'पक्की अनुज्ञप्ती' असे शब्द दिसतात. कोल्हापूरकराने परवानाही सोडला आणि अनुज्ञप्तीही घेतली नाही. त्याने 'लायसन' म्हटले, आणि त्याचे दोन प्रकार केले : कच्चे आणि पक्के. हा 'कच्चा' शब्द विचार करण्याजोगा आहे. लहानपणी खेळात 'कच्चा लिंबू' असे. तो खेळात असतो, पण त्याच्यावर डाव येत नाही. त्याच्या चुका मोजायच्या नसतात आणि मोठ्यांनी त्याला सांभाळून घ्यायचे असते. शिकाऊ चालकाकडे पाहण्याची आपली दृष्टी या एका शब्दात सगळी आली आहे. अडचण इतकीच, की रस्त्यावरच्या डावात कच्च्या लिंबावरही डाव येतो.

आता संहितेकडे वळू. नियम ३ हा शिकाऊ चालकाचा नियम. शिकाऊ परवाना जवळ हवा. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या चौकोनावर तांबडे 'एल' अक्षर हवे. चौकोन अठरा सेंटिमीटरचा आणि अक्षर किमान दहा सेंटिमीटर उंच, इतकी मापे दिली आहेत. आणि सोबत परवानाधारक शिक्षक हवा. तो कसा? गाडीवर ताबा ठेवता येईल किंवा ती थांबवता येईल अशा जागी बसलेला. याच नियमाला जोडलेल्या परंतुकात मोटारसायकलचा उल्लेख येतो, तो असा की शिकणाऱ्याने मोटारसायकलवर, तिला साइडकार असो वा नसो, या शिक्षकाखेरीज कोणालाही बसवून नेऊ नये.

वाचकाने येथे क्षणभर थांबावे. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून गाडी थांबवता येईल अशी कोणती जागा आहे? ब्रेक एक उजव्या हाताशी, दुसरा पायाशी. क्लच डाव्या हाताशी. मागे बसलेल्याचे हात तेथवर पोचले तरी पाय पोचत नाही, आणि हात पोचले तर तोल राहत नाही. नियम करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. वाहनचालन शाळांना मान्यता देण्याविषयीच्या नियम २४ मध्ये शाळेच्या गाड्यांना शिक्षकासाठी दुहेरी नियंत्रण असले पाहिजे अशी अट आहे, आणि त्या अटीत मोजक्या शब्दांत एक अपवाद आहे, ज्याचा आशय 'मोटारसायकल वगळून' असा होतो. एका नियमाने शिक्षकाला ताबा ठेवण्याच्या जागी बसवले. दुसऱ्या नियमाने तशी जागा मोटारसायकलवर नसते हे मान्य केले. दोन्ही नियम एकाच पुस्तकात, काही पानांच्या अंतराने, शांतपणे नांदत आहेत.

या विसंगतीचा उलगडा आम्हांस 'साइडकार' या शब्दात सापडतो असे वाटते. कायद्यातील मोटारसायकलची व्याख्याच मुळी दोन चाकांचे यांत्रिक वाहन, काढता-लावता येणाऱ्या साइडकारसह, अशी आहे. या व्याख्येत स्कूटरही येते आणि मोपेडही. कायद्याच्या लेखी या साऱ्या मोटारसायकलीच. साइडकार जोडलेली मोटारसायकल डोळ्यांपुढे आणली की नियमातले चित्र काहीसे जुळू लागते. तिसरे चाक आहे, तोल जाण्याची भीती नाही, शिक्षक शेजारी बसलेला आहे. ताबा त्याच्या हाती पूर्ण नाही. पण निदान तो शेजारी आहे, पाठीमागे नाही. आमच्या पिढीने साइडकार पाहिली ती बहुतेक १९७५ च्या 'शोले'त. रस्त्यावरून ती जवळजवळ गेली, नियमात मात्र राहिली, आणि शिक्षकाची जागा तिच्याबरोबरच गेली हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

कायद्याच्या डोळ्यांपुढे आरंभापासून मोटारच होती, यात नवल नाही. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटारींचा पहिला कायदा १९१४ साली झाला. अठरा वर्षांखालील व्यक्तीने सार्वजनिक जागी गाडी चालवू नये हे बंधन तेव्हापासूनचे. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली, आणि त्याची १९८८ च्या. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते, त्यामुळे ब्रिटिश मुलखातील कायदा येथे आपोआप लागू होत नव्हता. येथली मोटार आधी राजवाड्याची. राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटार दसऱ्याच्या मिरवणुकीत पाहताना आजही ध्यानात येते, की ही मागे बसणाऱ्याची गाडी आहे. चालवणारा हा पगारी माणूस आहे आणि त्याचे शिक्षण हा दरबाराच्या व्यवस्थेचा भाग आहे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि मुंबईचे कायदे येथे आले. इंग्लंडातही याहून वेगळे नव्हते. तेथे १९०३ च्या कायद्याने परवाना आला, तो पैसे भरून मिळत असे, परीक्षा नव्हती. मोटारीसाठी वयाची अट सतरा वर्षांची, मोटारसायकलसाठी मात्र चौदा. सक्तीची परीक्षा यायला १ जून १९३५ उजाडावा लागला. मोटारसायकल ही पोरासोरांची, हलकी, दुय्यम गाडी, ही समजूत अशी कायद्याच्या जन्मापासूनची आहे.

कोल्हापुरात ही गोष्ट अधिक चमत्कारिक वाटते, कारण शिकणे म्हणजे काय याची या शहराची कल्पना फार कडक आहे. हे तालमींचे गाव. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतून पिढ्या घडल्या. तालमीत वस्तादाने हो म्हटल्याखेरीज पठ्ठ्या मैदानात उतरत नाही. आधी माती उकरायची, मग जोर-बैठका, मग मोठ्यांची लढत बघायची, मग जोडीदाराशी सराव, आणि हे सारे वस्तादाच्या नजरेखाली. पडायचे कसे, हे पाडायचे कसे याच्या आधी शिकवले जाते. शिवाजी उद्यमनगरातील कारखान्यांतही हीच रीत. पोऱ्या आधी पाने उचलून देतो, मग नटबोल्ट आवळतो. यंत्राला हात लावायला मिस्त्रीची परवानगी लागते. ज्या गावात कुस्तीला वस्ताद आहे, लेथला मिस्त्री आहे, गाण्याला बुवा आहेत, त्या गावात मोटारसायकलला कोणी नाही.

नाही म्हणजे नेमलेला नाही. घरचा होता. १९६० च्या दशकारंभी पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची स्कूटर तयार होऊ लागली. १९७२ साली चेतक आली, आणि त्याच साली फिरोदियांची लुना. 'लायसन' हा शब्द त्या काळात दोन अर्थांनी ऐकू येई. एक लायसन कारखानदाराला किती गाड्या बनवायच्या ते सांगणारे, दुसरे चालवणाऱ्याच्या खिशातले. पहिल्याच्या तुटवड्यामुळे लोक नंबर लावून वर्षानुवर्षे स्कूटरची वाट पाहत. कच्च्या लायसनची मुदत मात्र सहा महिन्यांची. आणि नियम १५ प्रमाणे ते हाती आल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. इतक्या प्रतीक्षेने घरात आलेली गाडी अनोळखी माणसाच्या हाती शिकवायला देण्याचा प्रश्नच नव्हता. ती शिकवणार काका, मामा, थोरला भाऊ. दूधवाल्यांच्या राजदूतवर पुढे कॅन अडकवून पोरे शिकली, शेतावरच्या वाटेने शिकली, गॅरेजात काम करणारी दुरुस्त गाडीची 'ट्रायल' घेता घेता शिकली.

आम्हांला आमच्या मामांनी शिकवले. पहाटे मैदानावर, त्यांच्या राजदूतवर. ते मागे बसत नसत. शेजारून पळत. एक हात सीटच्या मागच्या कडीला, दुसऱ्यात चप्पल. धापा टाकत त्यांची शिकवणी चाले : "म्होरं बघ. चाकाकडं बघितलास की पडलास." पुढे एका क्षणी पावलांचा आवाज थांबलेला ऐकू आला आणि मामांनी कधीच हात सोडला आहे हे कळले. बहुतेक वाचकांपाशी याच्याशी जुळणारी एखादी आठवण असेल. या शिकवणीत जे होते ते कोणत्याही पाठ्यक्रमात बसणार नाही. कायद्याला जी जागा सापडली नाही ती मामांनी शोधली होती : शिक्षकाची जागा गाडीच्या मागे नसून बाजूला, जमिनीवर असते, आणि योग्य वेळी ती सोडायची असते.

पण कृतज्ञतेपोटी चूक झाकणे हे काही इतिहासलेखन नव्हे. याच शिकवणीत एक धडा होता, तोही बहुतेकांना आठवत असेल : "फुडचा ब्रेक धरायचा न्हाई. उलथशील." कोल्हापुरातच नव्हे, महाराष्ट्रात गावोगावी हा धडा पाठोपाठच्या पिढ्यांना तोंडी मिळाला. तो मैदानावर खरा होता. सुट्या मातीवर, खडीवर पुढचे चाक अडकले की गाडी घसरते. डांबरी रस्त्यावर मात्र तो उलटा पडतो. गाडी थांबू लागली की सारा भार पुढे येतो, पुढच्या चाकाची पकड वाढते आणि मागच्याची कमी होते. म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबणारा चालक अधिक अंतर जातो, किंवा मागचे चाक अडकून फरफटत जातो. मौखिक परंपरेचे जे गुण आपण वर्गात शिकवतो, म्हणजे आत्मीयता, जिवंतपणा, संदर्भाशी जोडलेपणा, तेच येथे दोष ठरले. मैदानाच्या संदर्भात जन्मलेले वाक्य संदर्भ बदलल्यावरही तसेच म्हटले जात राहिले. ते तपासून पाहणारा कोणी शास्ता नव्हता. गंमत अशी की अखेरीस ते यंत्राने दुरुस्त केले. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या दुचाकींना, १२५ सीसीपर्यंत निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय, आणि त्याहून मोठ्या गाड्यांना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा, सक्तीची झाली. मागचा ब्रेक दाबला की आता पुढचाही थोडा लागतो. मामांचा धडा चुकला तरी गाडी त्याचे फळ थोडे कमी करते.

घराच्या या शाळेत प्रवेश कोणाला होता, हेही पाहिले पाहिजे. राजदूत आणि येझदीच्या काळात तो बहुतेक मुलांनाच होता. कायद्याने परवान्याचे वर्ग पाडताना गिअरची मोटारसायकल आणि बिनगिअरची मोटारसायकल असे दोन वेगळे केले, आणि १९८८ च्या कायद्याच्या मूळ मजकुराने बिनगिअरची गाडी सोळाव्या वर्षापासून चालवायला मोकळीक दिली. मात्र अठरा वर्षांखालील अर्जदारासाठी पालकाची लेखी संमती हवी. लुना होतीच, १९८४ साली किनेटिक होंडा आली होती. या 'बिनगिअर' शब्दाच्या फटीतून शाळा-कॉलेजातल्या कितीतरी मुली रस्त्यावर आल्या. ज्या घरात मुलीने सायकलवरून लांब जाणेही चर्चेचा विषय होई, तेथे बापाने संमतीच्या कागदावर सही केली. १९९४ च्या दुरुस्तीने 'बिनगिअर' हा शब्द काढून त्या जागी पन्नास सीसीची मर्यादा घातली. किनेटिक होंडा ९८ सीसीची. एका शब्दाच्या बदलाने कालपर्यंत कायदेशीर असलेली सोळा वर्षांची मुलगी आज बेकायदा झाली. कलम आजही तसेच आहे. पन्नास सीसीच्या पेट्रोलच्या नव्या गाड्या बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या. सोळाव्या वर्षाचा परवाना मात्र आहे. गाडीविना उरलेला परवाना आणि परवान्याविना धावणारी गाडी, या दोहोंच्या मध्ये आमच्या महाविद्यालयाचे वाहनतळ उभे आहे.

दुचाकीची परीक्षा म्हटली की सगळ्यांना 'आठ काढणे' आठवते. पाय न टेकता आठाचा आकडा. या आकड्यात तोल आहे, क्लच आहे, नजर आहे. मामांनी शिकवलेले सगळे आहे. दुसरी गाडी मात्र त्यात नाही. वळणावरून येणारी बस, अचानक उघडणारे मोटारीचे दार, रात्रीचा उसाचा ट्रॅक्टर, यांपैकी काहीच त्या आकड्यात मावत नाही. आमचा स्वतःचा परवाना कोल्हापुरात निघाला नाही. नोकरीच्या पहिल्या गावी निघाला. कोणते ते सांगण्याचे कारण नाही. आवारात चाळीस जण रांगेत होते. एजंटाच्या फाईलवरच्या खुणेप्रमाणे नावे पुकारली गेली. आम्ही अर्धा आठ काढला असेल तोच "झालं, नेक्स्ट" असा आवाज आला. त्या अर्ध्या आठावर आम्ही आजवर गाडी चालवीत आहोत.

शिक्षकाच्या जागेचा हा प्रश्न सोडवताच येत नाही, असे नाही. इंग्लंडात १९६१ साली शिकाऊ चालकाला २५० सीसीची मर्यादा घातली गेली, पुढे ती १२५ वर आली. आणि डिसेंबर १९९० पासून मोटारसायकलवर रस्त्याला लागण्यापूर्वी सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण आले. त्यात शिक्षक दुसऱ्या मोटारसायकलवरून मागे येतो आणि शिरस्त्राणातील रेडिओवरून सूचना देतो. मामांचे पळणे आणि हा रेडिओ यांत तत्त्वाचे अंतर नाही. एक दुसऱ्याची सुधारून काढलेली आवृत्ती आहे. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा परवाना मिळालेला अठरा वर्षांचा मुलगा शंभर सीसीची गाडी चालवू शकतो आणि हजार सीसीचीही. मधली पायरी नाही. वाहनचालन शाळांसाठीच्या नियम ३१ मध्ये खासगी वाहनांच्या शिक्षणाला किमान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे दहा तास सांगितले आहेत. मोटारसायकलपुरते मात्र पाठ्यक्रमाचे मोजके भाग पुरेसे धरले आहेत. पुन्हा तेच वगळणे.

अलीकडची वर्षे शिक्षेची आहेत, शिक्षणाची नव्हेत. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने विनापरवाना चालवण्याचा दंड पाचशेवरून पाच हजारांवर नेला. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा आधार क्रमांकाच्या साह्याने घरबसल्या देता येऊ लागली. शिकणे घरी होतेच, आता परीक्षाही घरी आली. त्याच वर्षी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम झाले. तेथे हलक्या मोटारीच्या अभ्यासक्रमाला २९ तास, जड वाहनांच्या अभ्यासक्रमाला ३८ तास आहेत. आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, अडीचशे वॅटच्या आतल्या विजेच्या दुचाकीला तर परवानाच लागत नाही; ती कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नव्हे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीनाने चालवलेल्या मोटारीने मोटारसायकलवरील दोन तरुण जीव घेतले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना घातलेल्या अटींत अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. महाराष्ट्र संतापला, काही दिवसांत तो आदेशही बदलला. आम्हां निबंध शिकवणाऱ्यांना मात्र तो शब्द वेगळा बोचला. निबंध घडल्यानंतर लिहायचा नसतो. तो आधी शिकवायचा असतो. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील सुमारे ४४.५ टक्के. ज्या वाहनाला नियमांनी वेळोवेळी 'वगळून' म्हटले, ते मरणाच्या हिशेबात वगळले गेलेले नाही. तेथे ते पहिल्या क्रमांकावर आहे.

आणि वगळण्यात आम्हीही आहोत. आमच्या वाहनतळावर दीडशे सीसीच्या गाड्या घेऊन येणारे सोळा-सतरा वर्षांचे विद्यार्थी आम्ही रोज पाहतो. त्यांची हजेरी घेतो, परवाना विचारत नाही. बसगाड्या कमी आहेत, गाव वीस किलोमीटरवर आहे, बाप दुधाच्या रतिबावर गेलेला असतो, हे सारे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून विचारत नाही. 'पडल्याशिवाय गाडी येत नाही' हे वाक्य आम्हीही वर्गात हसत हसत म्हटले आहे. मैदानावर पडल्यास गुडघा फुटतो. शिरोलीच्या नाक्यावर, पुणे–बंगळूर महामार्गाच्या वाहतुकीत, पडण्याचा अर्थ निराळा. एका दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या अकरावीच्या हजेरीपटात एका नावापुढे रेघ मारावी लागली. त्याच्या बोनाफाइडवर सही आमची होती. त्याने 'लायसनसाठी' असे लिहिले नव्हते. बसच्या पाससाठी लिहिले होते. आम्हीही वाचून पाहिले नव्हते.

प्रश्न विचारणारा तो मुलगा पुढे बारावीला आमच्याच वर्गात आला. आम्ही त्याला त्याचे राहिलेले उत्तर दिले. सांगितले, की कायद्याप्रमाणे शिकवणारा तुझ्या गाडीवर, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला असतो, आणि तशी जागा गाडीवर नाही. म्हणून जो तुला शिकवील त्याला शेजारून पळावे लागेल. मैदानावर हात सोडला म्हणजे शिकवणे संपत नाही, हे त्याला सांग. रस्त्यावरही एकदा सोबत ये म्हणावे. आणि पुढचा ब्रेक धरायला शीक.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या आबांनी उलटंच सांगितलंय."

आम्ही म्हणालो, "आमच्या मामांनीही."